लेकराला 'गिफ्टेड' म्हणाले, म्हणजे नेमकं काय म्हणाले?

रेणाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही लातूरजवळ राहतो, मुलगी चौथीत आहे. परवा पालकसभेत तिच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी गिफ्टेड आहे, तिच्याकडं वेगळं लक्ष द्या." पुढच्या पालकांचा नंबर आल्यामुळं जास्त बोलणं झालं नाही.

घरी सांगितलं तर सासरे म्हणाले, हुशार आहे असं सरळ म्हणा की. नणंदेनं लगेच एका क्लासचं पत्रक पाठवलं, 'आपले मूल गिफ्टेड आहे का? आजच तपासा', खाली फीचे तीन टप्पे. मिस्टर म्हणतात, आतापासून नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी सुरू करू.

मी काय पाहिलंय ते सांगते. दिवाळीत ती आजोबांबरोबर मोंढ्यात गेली होती. आमचं सोयाबीन 37 क्विंटल 40 किलो भरलं, भाव 4,350. मुनीम कॅल्क्युलेटर शोधत होता तोवर ही म्हणाली, "एक लाख बासष्ट हजार सहाशे नव्वद." पट्टीवर तोच आकडा आला, हमाली-तोलाई वजा व्हायच्या आधीचा. आजोबांनी विचारलं, कसं केलं गं? म्हणाली, "चाळीस क्विंटल समजले, एक लाख चौऱ्याहत्तर हजार. मग जास्तीच्या दोन क्विंटल साठ किलोचे पैसे काढून टाकले." ही रीत तिला कुणी शिकवलेली नाही. आणि हीच मुलगी शाळेत पाढे लिहायचा कंटाळा करते, गृहपाठ अर्धवट सोडते.

तर गिफ्टेड म्हणजे नक्की कोण? हे कुणी ठरवायचं? आणि आईबापानं काय करायचं?

सोयाबीनवाला
ताई, लेकराला आमच्या आडतीवर पाठवा. आमचा मुनीम तीन वेळा बेरीज करतो अन् तिन्ही वेळा वेगळी येते. पगार मी देतो, शाळा सुटल्यावर यायचं.

गोदातीर
अभिनंदन! लै भारी लेकरू आहे. क्लासच्या पत्रकावर मात्र जाऊ नका.

परभणीकर
जगात जर्मनी, भारतात परभणी. आमच्याकडं सगळेच गिफ्टेड, म्हणून कुणाला तसं म्हणायची पद्धत नाही.
गंमत सोडा, वाचतोय. माझाही भाचा असाच आहे.

खडूफळा
बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, मला जे समजलंय ते लिहितो. जरा लांबेल.

वर्गात दोन प्रकारची लेकरं हुशार म्हणून ओळखली जातात. एक, शिकवलेलं पटकन घेणारं, वही नेटकी, पहिला हात वर. दुसरं, न शिकवलेलं स्वतः शोधणारं. पहिल्याला आपण बक्षीस देतो, दुसऱ्याला बऱ्याचदा ओरडा बसतो, कारण ते मधेच भलताच प्रश्न विचारतं किंवा खिडकीबाहेर बघत बसतं. 'गिफ्टेड' हा शब्द खरा त्या दुसऱ्यासाठी आहे. ताईंच्या मुलीनं 37.4 ने गुणलंच नाही, 40 ने गुणून जास्तीचं काढलं. उत्तर बरोबर आलं यापेक्षा तिनं वाट स्वतः काढली हे मला मोठं वाटतं. पाढे लिहायचा कंटाळा त्याच गोष्टीचा दुसरा भाग असू शकतो. जे येतं ते दहादा लिहायला लावलं की अशी लेकरं मिटतात.

आता ठरवायचं कुणी. बुद्धीच्या चाचण्या असतात. फ्रान्समध्ये बिने यांनी 1905 साली पहिली चाचणी केली ती मागं पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. हुशार निवडण्यासाठी तिचा वापर नंतर सुरू झाला. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचं रूप तयार केलं, ते बिने-कामत चाचणी म्हणून ओळखलं जातं. साधारण हिशोब असा की सरासरी 100 धरतात आणि 130 च्या वर शंभरात दोनेक मुलं येतात, त्यांना गिफ्टेड म्हणायची पद्धत पडली. पण हा आकडा माणसांनी सोयीसाठी ठरवलेला आहे. 129 वाल्या लेकरात आणि 131 वाल्यात निसर्गानं भिंत घातलेली नाही.

आणखी एक. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या टर्मन यांनी 1921 पासून कॅलिफोर्नियातली सुमारे दीड हजार हुशार मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. चाचणीला कोण बसणार हे बहुतांशी शिक्षकांनी सुचवलेल्या नावांवर ठरलं. चाचणी देऊनही ज्यांची निवड झाली नाही, त्यात शॉकली आणि अल्वारेझ हे दोघं होते. एकाला 1956 चं आणि दुसऱ्याला 1968 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्या दीड हजारातून एकही नोबेल निघालं नाही. चाचणी खोटी असते असं मी म्हणत नाही. चाळणीतून काय खाली पडतं तेही बघावं, एवढंच.

तिफण
खडूफळा सरांचा मान राखून बोलतो, मला हे पटत नाही. गिफ्टेड, टॅलेंटेड, जीनियस हे सगळं ज्यांच्या घरी दोन वेळचं बसून खायला आहे त्यांचं. आमच्या लातूरनं काय दाखवलं? घासून घेतलं की कुणाचंही लेकरू वर येतं. प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात शाहू कॉलेजनं काय केलं, तर सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा, चुकलेला प्रश्न पुन्हा. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईची मक्तेदारी होती, ती मोडली. माझा बाप सालगडी होता, मी इंजिनिअर झालो, धाकटी बहीण डॉक्टर झाली. आम्हाला कुणी गिफ्टेड म्हणालं नव्हतं. 'तुझ्यात जन्मतःच काहीतरी आहे' असं एका लेकराला सांगितलं की बाकीच्या एकोणचाळिसांना 'तुमच्यात नाही' असं सांगणं होतं. मला राग त्याचा आहे.

गोदातीर
तिफण, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के.

मांजराकाठ
तिफणदादा, लातूर पॅटर्ननं गरिबाची लेकरं वर आणली हे कुणी नाकारत नाही. पण ट्यूशन एरियात एक चक्कर मारा आता. मेसचा डबा, खोलीचं भाडं, क्लासची फी, टेस्ट सिरीज. सालगड्याच्या लेकराला आज ते परवडतं का? आणि तिथल्या फ्लेक्सवर बघा, सहावी-सातवीच्या मुलांचे फोटो, खाली जीनियस, लिजंड, सुपर टॅलेंट. एका चौकात इतके जीनियस असतील तर शब्दाला काय किंमत राहिली?

तिफण
फ्लेक्सचं मान्य. परवडण्याचंही मान्य. सरावाचं सोडणार नाही.

खडूफळा
सराव सोडायला कुणीच सांगत नाहीये. ज्याला जे येत नाही त्याचा सराव हवा. जे येतं त्याचाच सराव करून घेतला की लेकरू शाळेला विटतं. आणि बाकीच्या एकोणचाळिसांबद्दल तुम्ही म्हणता ते मलाही लागतं. म्हणून मी वर्गात हा शब्द वापरत नाही. पण अवघड गणित मागणाऱ्याला अवघड गणित द्यायला नकार कसा देऊ?

बालाघाट
मी आष्टी-पाटोदा भागात शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. एक लेकरू सांगतो.

ऊसतोड्याचं पोरगं, सहावीत. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली, आईबापाबरोबर गाडी कारखान्याकडं. त्या वर्षी आजी आजारी म्हणून हंगामी वसतिगृहात ठेवायची सोय झाली नाही, गेलं संगं. पाडव्याच्या सुमारास परत आलं. मी म्हणलं, काय रे, काय शिकलास तिकडं? मला वाटलं, लाजंल. ते म्हणालं, "गुरुजी, चंद्र रोज उशिरा उगवतो. आज जेव्हा उगवला त्याच्यापेक्षा उद्या पाऊण तासानं, कधी थोडं जास्त. म्हणून पुनवेला दिवस मावळताना दिसतो अन् आठ दिवसांनी मध्यरात्री." मी विचारलं, कुणी सांगितलं? तर म्हणालं, रात्री गाडी भरायला उठवायचे. बाप मोळ्या बांधायचा, हे पाचटावर बसून राहायचं. फडाच्या बांधावर एक बाभूळ होती. चंद्र बाभळीच्या शेंड्यावर कधी येतो ते बापाच्या मोबाइलमधली वेळ बघून ध्यानात ठेवायचं. कागद नव्हता, म्हणून कोळशानं कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, बाजूला ठेवलेल्या पत्र्यावर रेघा मारल्या होत्या.

भूगोलाच्या पुस्तकात हे एका ओळीत आहे आणि आम्ही ते पाठ करून घेतो. त्यानं ते आभाळातून काढलं. त्याला कुणी गिफ्टेड म्हणालं नाही. हजेरीपटावर त्याच्या नावासमोर 'स्थलांतरित' असा शेरा होता. नववीनंतर त्यानं कोयता घेतला. त्याच्या बापाकडं मी किती खेटे घातले, पण उचल फिटलेली नव्हती.

या शब्दाबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे की तो ज्याला लागू पडतो त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पत्रक छापणाऱ्याच्या हातात तो आहे, माझ्या पोराच्या पत्र्याजवळ नाही.

रेणाकाठ
गुरुजी, वाचून पोटात कालवलं. आज दुसरं काही लिहवत नाही.

औंढ्याचा पाहुणा
🙏

परभणीकर
गुरुजींच्या जिल्ह्यातलंच पुढचं सांगतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शाळा पाच-सहा किलोमीटर लांब, एसटी नाही, म्हणून पळत जायचा. बारावीनंतर पोटासाठी फौजेत, महार रेजिमेंट, सियाचीनला ड्युटी केली. पळण्याच्या स्पर्धेत उतरला तो फौजेत गेल्यावर, 2015 च्या आसपास. पुढं 2022 ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलात तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य आणि 2023 ला हांगझोऊला एशियाडमध्ये सुवर्ण. त्याच्या शाळेत 'या पोराचे पाय वेगळे आहेत' असं ओळखायला काय यंत्रणा होती? फौजेत गेला नसता तर? ही भीती मला खरंच वाटते, किती जण तसेच राहिले असतील.

सोयाबीनवाला
आणि जालन्याचा विजय झोल. 2011 ला एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद 451. त्या वेळी आम्ही मोंढ्यात पेढे वाटले होते.

गोदातीर
धागा क्रिकेटवर नेऊ नका रे.

अंबानगरी
जरा वेगळ्या वाटेनं येते. मी अंबाजोगाईची. आमच्याकडं दासोपंतांची पासोडी आहे, कापडावर लिहिलेला ग्रंथ. गीतार्णव हा त्यांचा गीतेवरचा वेगळा ग्रंथ, त्याच्या ओव्या सव्वा लाख सांगतात. लहानपणी ती पासोडी पाहिली तेव्हा मला वाटलं, एवढं लिहिणारा माणूस आपल्यासारखा नसणारच. आजीला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "बाई, रोज बसल्याशिवाय होतं का ते?" म्हणजे तिफण आणि खडूफळा, दोघांचं म्हणणं एकाच माणसात सापडतं.

दुसरं नाव नरहर कुरुंदकरांचं. मूळ गाव कुरुंदा, नांदेडला आयुष्य गेलं. 'प्रतिभा निकेतन'मध्ये शाळामास्तर होते, पदव्या उशिरानं पदरात पडल्या, एम.ए. 1963 साली. पण त्याआधीपासून महाराष्ट्रभरची जाणती माणसं त्यांचं बोलणं ऐकायला थांबत होती. पुढं ते पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. परीक्षेच्या वेळापत्रकानं त्यांना मोजलं असतं तर काय हाती लागलं असतं?

म्हणून ताई, इंग्रजीत 'गिफ्टेड' शब्द ज्या अर्थानं वापरतात त्यात एक गोष्ट मला आवडते. ती देणगी आहे, मिळालेली आहे, मुलानं कमावलेली नाही. तेव्हा तिचा तोरा मिरवायचं कारण उरत नाही आणि ती वाया जाऊ नये याची जबाबदारी मात्र घरच्यांवर येते.

जालनामार्गे पुणे
मी दुसऱ्या बाजूनं लिहितो. मला लहानपणी हे लेबल लागलं होतं.

चौथीत शिष्यवृत्तीत वरचा नंबर आला, सत्कार झाला, शाल घातली. तेव्हापासून घरी, शाळेत, लग्नकार्यात 'हाच तो हुशार'. ऐकायला गोड वाटायचं. पण त्यानंतर मी अवघड गोष्टीला हात लावायचं बंद केलं. न जमलं तर 'हुशार' निघून जाईल ना. बुद्धिबळात हरायला लागलो की डाव अर्ध्यावर सोडायचो. अकरावीत पहिल्यांदा काही समजलं नाही तेव्हा मदत मागायची कशी हेच माहीत नव्हतं. कुणी वाईट हेतूनं केलं नाही हे. सगळ्यांना अभिमानच होता. पण मुलीसमोर हा शब्द वापरू नका, अशी कळकळीची विनंती. 'तू चाळीस धरून हिशोब केलास ते भारी होतं' असं म्हणा. तिनं काय केलं त्याचं नाव घ्या, ती कोण आहे त्याचं नको.

तिफण
हे पटलं. अगदी पटलं.

मांजराकाठ
+1. माझ्या मुलाला वाचायला जमत नाही, अक्षरं उलटी दिसतात, पण घरातला बंद पडलेला मिक्सर त्यानं खोलून चालू केला. त्याला शाळेत 'ढ' म्हणतात. चाचणी केली तेव्हा डॉक्टर म्हणाले, अडचण आणि असामान्य समज दोन्ही एकाच मुलात असू शकतात. हे शिक्षकांना माहीत असायला हवं.

औंढ्याचा पाहुणा
चाचणी कुठं करावी? आमच्याकडं हिंगोलीत काय सोय आहे?

मांजराकाठ
आम्ही छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो. चाचणी बालमानसतज्ज्ञाकडूनच करून घ्या, एकेका मुलाला समोर बसवून घेतात, वेळ लागतो. बोटांचे ठसे घेऊन बुद्धी सांगणाऱ्यांकडं अजिबात जाऊ नका. त्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही.

खडूफळा
याला दुजोरा. ठशांवरून काही कळत नसतं.

रेणाकाठ ताई, तुमचा तिसरा प्रश्न राहिला, काय करायचं. माझ्या मते चाचणीची घाई नाही. चाचणी अडचण असेल तेव्हा उपयोगी पडते, शाळेला काही पटवून द्यायचं असेल तेव्हा पडते. नुसता आकडा कळून मुलीच्या दिवसात काय बदलणार? बदलायचं असेल तर बाईंशी बोला. त्यांनी ओळखलं म्हणजे त्यांची नजर चांगली आहे. म्हणावं, जे येतं ते दहादा लिहायला लावू नका, त्याऐवजी एक अवघड गणित द्या. बहुतेक शिक्षक ऐकतात.

पुढच्या वर्षी ती पाचवीत जाईल, तेव्हा नवोदय या निवासी शाळेची प्रवेश परीक्षा आहे. 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, आणि निम्मे गुण मानसिक क्षमतेला, पाठांतराला नव्हे. घर सोडून राहायचं आहे, तेव्हा मुलीला विचारूनच. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचं काम 1962 पासून याच विषयात आहे, आणि किल्लारीच्या भूकंपानंतर त्यांनी हराळीला निवासी शाळा उभी केली. तुम्हाला लातूरहून जवळ आहे, एकदा बघून या. नीटचं नाव चौथीत काढू नका, मिस्टरांना माझा नमस्कार सांगा.

आणि आज संध्याकाळी एक खेळ द्या. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा. कोणतीही चार आकडी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची. उत्तराचं पुन्हा तसंच. 3524 घेतली तर 5432 वजा 2345, म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378, म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358, म्हणजे 6174. आता 6174 चं करून बघा, पुन्हा 6174 च येतं. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथंच पोचता. का, ते सांगू नका.

अंबानगरी
मी तीन संख्या करून बघितल्या. कुकर तीन शिट्ट्या जास्त झाला.

सोयाबीनवाला
आमच्या मुनीमला दिलंय. त्याचं 6174 येत नाहीये.

रेणाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्टरांना पूर्ण धागा वाचायला दिला. बालाघाट गुरुजींचं वाचून ते बराच वेळ गप्प बसले. नीटचा विषय बंद, नवोदयचं मुलीशी बोलून ठरवू. बाईंना उद्या भेटते. घरात 'गिफ्टेड' शब्द काढायचा नाही असं सासऱ्यांनीच जाहीर केलं.

खेळ दिला. पहिल्या दिवशी चार आकडी करून पाहिलं. मग स्वतःच तीन आकडी केलं आणि म्हणाली, इथं 495 ला थांबतं. आज सकाळी दोन आकडी करत बसली होती, वेणी घालू देईना. म्हणते, "आई, हे थांबतच नाही. 63 चे 27, 27 चे 45, 45 चे 9, 9 चे 81 आणि 81 चे परत 63. नुसतं गोल फिरतंय." मला विचारते, तीन आणि चार आकडी थांबतं, मग दोन आकडी का नाही? काय सांगू तिला?

खडूफळा
काहीच सांगू नका. पाच आकडी करायला द्या, आणि जरा जाड वही आणा. मलाही कळवा ती काय म्हणते ते.

बालाघाट
वहीचे पैसे माझ्याकडून. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, ताई.